मी कुणाचीच कंबर बरी केली नाही

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा आपल्या उपकारांची यादी वाचतात. खुर्ची म्हणते, मी थकल्याभागल्यांना बसवले. छत्री म्हणते, मी कुणाला भिजू दिले नाही. माझ्याजवळ अशी यादी नाही. मी आजवर पाच-सहा कमरांना घट्ट मिठी मारली आणि त्यांतली एकही बरी केली नाही. ज्या बऱ्या झाल्या त्या आपोआप झाल्या आणि श्रेय मला मिळाले. फुकटचे श्रेय कुणाला नको असते? मलाही हवेच होते.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. राखाडी कापड, आत रबरी विणीचा ताणला जाणारा थर, पाठीकडे चार कडक पट्ट्या आणि पुढे उघडताना चर्रर्र वाजणारी चिकटपट्टी, एवढेच माझे शरीर. मला शिवणारी बाई दिवसभर यंत्रावर वाकलेली असे. पण दर तासाला ती उठायची, दारापर्यंत चालत जायची, हात वर करून आळस द्यायची आणि परत येऊन बसायची. तिच्या शेजारी आमचा ढीग पडलेला असायचा, पण तिने आमच्यापैकी एकही कधी कमरेला लावला नाही. स्वयंपाकीच आपल्या हातचे खात नसेल तर पाहुण्यांनी काय ते समजून घ्यावे.

मग मला खोक्यात घातले. खोक्यावर एक माणूस छापला होता. त्याच्या पाठीवर तांबडे वर्तुळ होते आणि तो दात काढून हसत होता. ज्याची कंबर खरोखर दुखते तो असा हसत नाही. त्याला साधे खोकायचे असले तरी तो आधी टेबल धरतो. पण खोकी वाचणारे लोक चित्रांवर विश्वास ठेवतात. त्यांच्याविषयी मला तेव्हापासूनच फारसा आदर नाही.

औषधांच्या दुकानातून मला एका बाईंनी घेतले. सगळे त्यांना ताई म्हणत. टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या, बांध्याने भक्कम, आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या. आधी मी त्यांच्या यजमानांच्या कमरेला बसलो, मग त्यांच्या जावेच्या, मग कुणा मैत्रिणीच्या. घरातली मोठी कढई जशी शेजारीपाजारी फिरते तसा मी फिरलो. ताईंच्या मते जगात दोनच प्रकारची माणसे होती, पट्टा लावणारी आणि पुढेमागे लावणार असलेली. मी परत आलो की त्या मला धुऊन दोरीवर टाकत आणि म्हणत, "किती जणांना उभं केलंय यानं." मी दोरीवर फुगून डोलत असे.

आता ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याच्याकडे येतो. तो ताईंचा धाकटा भाऊ, धंद्याने काचवाला. खिडक्यांची मापे घ्यायची, हिऱ्याच्या कलमाने काच कापायची, जिने चढून ती चौकटीत बसवायची आणि कडेने लांबी, म्हणजे काच धरून ठेवणारा लगदा, भरायची, हे त्याचे काम. माणसाच्या उंचीची काच तो कुणाची मदत न घेता तीन-तीन मजले चढवायचा. म्हणून लोक त्याला एकहाती म्हणत. नाव त्याला इतके आवडे की दुकानाच्या पाटीवरही त्याने तेच रंगवून घेतले होते. सत्तेचाळीस वर्षे त्याने कधी पाठीवर हात ठेवला नव्हता, आणि जे ठेवत त्यांना तो हसत असे. "हाडं वापरत नाहीत, मग गंजतात," असे तो म्हणायचा. गर्विष्ठ माणूस. त्याच्याविषयी माझे मत सुरुवातीला काही चांगले नव्हते.

एका सकाळी तो तोंड धुवायला बेसिनवर वाकला आणि शिंकला. बस्स, एवढेच झाले. अंगावर काच पडली नाही, जिन्यावरून पाय घसरला नाही. एक शिंक आली आणि तो गुडघ्यांवर बसला, मग हातांवर आला, मग न्हाणीघराच्या फरशीवर आडवा झाला. बायको शाळेच्या कचेरीत कारकून होती आणि कामावर निघण्याच्या गडबडीत होती. तिने दार ढकलले तेव्हा तो छताकडे पाहत म्हणाला, "काही नाही. जरा पडलोय."

"जरा कुठं पडतं का माणूस?" ती म्हणाली आणि त्याला उठवू लागली. त्याने इतक्या जोरात ओठ चावला की तिने हात सोडून दिला.

ताई तासाभरात मला पिशवीत घालून हजर झाल्या. मला त्याच्याभोवती आवळताना त्यांनी पायाने त्याच्या मांडीला रेटा दिला. "श्वास आत घे," त्या म्हणाल्या. "आणखी घे. आता चार दिवसांत बघ." आणि चार दिवसांत तो खरोखर उठून बसू लागला. मित्रांनो, कमरेचे पुष्कळसे दुखणे असेच आपल्या पायांनी येते आणि थोडेफार चालत-फिरत राहिले की आपल्या पायांनी निघून जाते. पण त्या घरात सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मीही चूप बसलो.

दुखणे मात्र पुरते गेले नव्हते. मग सल्ले आले. शेजारच्या दारातले निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, गादी काढा, फळीवर झोपा. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, फळी मुळीच नको, दोन गाद्या घाला. एकाने गरम पाण्याची पिशवी सांगितली, दुसऱ्याने बर्फ. ताईंनी लोहचुंबक शिवलेली एक चटई कुठूनशी आणली. तिच्यावर तो तीन रात्री झोपला आणि चौथ्या सकाळी म्हणाला, "हिला खिळे तेवढे चिकटले माझ्या खिशातले." मला ती चटई अगदी तुच्छ वाटली. आता वाटते, मी तिच्यापेक्षा कुठे वेगळा होतो? फरक एवढाच की ती माणसाच्या खाली होती आणि मी भोवती.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाजवळ उत्तर होते आणि प्रश्न कुणाजवळच नव्हता. कुठे दुखते, कधी दुखते, पायात उतरते का, बधिर वाटते का, हे कुणी विचारले नाही. आपल्या आत्याची कंबर कशी बरी झाली हे सांगण्याची घाई इतकी, की समोरच्या माणसाला तोंड उघडायला सवडच नाही.

तो मला आवळून कामावर जाऊ लागला. रात्रीही मला काढत नसे. पंधरवड्यानंतर दुखणे डाव्या पायात उतरले, पोटरीतून तार ओढल्यासारखे. तेव्हा ताई त्याला एका हाडे बसवणाऱ्याकडे घेऊन गेल्या.

त्या गृहस्थाची खोली एका सायकल दुकानाच्या मागे होती. भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचा तक्ता होता. त्यातल्या मणक्यांवर कुणीतरी पेनाने एकापासून आकडे घातले होते आणि मध्येच एक आकडा दोनदा आला होता. मी तो तक्ता नीट पाहिला, कारण मला सोडून बाकड्यावर ठेवले होते आणि दुसरे बघण्यासारखे काही नव्हते. त्या माणसाने काचवाल्याला पालथा घातला, कमरेवर गुडघा रोवला आणि खांदा मागे खेचला. कट् असा आवाज झाला.

"बसलं," तो म्हणाला.

"काय बसलं?" काचवाल्याने विचारले.

"जे सरकलं होतं ते."

एवढ्या ज्ञानावर त्या माणसाचे घर चालत होते. ताईंनी मात्र हात जोडले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुखणे दोन्ही पायांत होते. मग बायकोने हट्ट धरला आणि त्याला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेले. तिथे तिने सगळे नीट कागदावर लिहून नेले होते, कारकुनाच्या स्वच्छ अक्षरात. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि हाडांचा फोटो दिव्यासमोर धरला. फोटोकडे ते बराच वेळ पाहत राहिले. माणसाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. "हाडं चांगली आहेत," ते म्हणाले. "वयाप्रमाणे झीज असतेच. या गोळ्या घ्या. पट्टा आहे ना? चालू ठेवा."

"पण दोन्ही पाय..." बायकोने सुरुवात केली.

"गोळ्यांनी वाटेल बरं." आणि घंटी वाजली, पुढचा माणूस आत आला.

शिकलेल्या माणसाविषयी मला अशिक्षितापेक्षा जास्त तिरस्कार वाटला तो त्या दिवशी. हाडे बसवणाऱ्याला निदान ठाऊक नव्हते. यांना ठाऊक होते, पण हात पुढे करून तो पाय उचलून बघायला वेळ नव्हता. हाडांच्या फोटोत नस दिसत नाही, हे त्यांच्या दारातल्या शिपायानेही सांगितले असते.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुमच्यापैकी काही जण तोंडावर हात ठेवून हसतील. हसून घ्या. पण ऐका. या हसण्यापायीच एक माणूस मोठ्या संकटात सापडला होता.

चार-पाच दिवसांनी काचवाल्याचे दुखणे एकाएकी कमी झाले. तो खूश होता. ताई आल्या तेव्हा म्हणाला, "त्या हाडं बसवणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे खरं. उशिरा का होईना, गुण आला." पण मी त्याच्या पोटाभोवती होतो. त्याला ठाऊक असलेले सगळे मला ठाऊक होते. त्याचे दुखणे बरे झाले नव्हते, ते बधिर झाले होते. खुर्चीवर बसताना तो हात मागे नेऊन खुर्ची चाचपायचा, कारण बसल्याचे त्याला कळत नव्हते. मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड घासले तरी जाणवत नव्हते. डावे पाऊल चालताना फटक् करून आपटत होते. आणि लघवी होत नव्हती.

तो न्हाणीघरात जायचा, नळ सोडायचा आणि उभा राहायचा. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. पाणी वाहत राहायचे, ते फक्त नळाचे.

"एवढा वेळ काय करताय?" बाहेरून बायको विचारायची.

"दाढी."

"कालच केली ना?"

"मग आज नको करू?"

माझ्या खालच्या काठाखाली त्याचे ओटीपोट ढोलकीसारखे ताणले होते. मला कळत होते. घरात एवढी माणसे येत-जात होती, गोळ्या देत होती, चहा पीत होती, आणि खरी गोष्ट फक्त एका राखाडी पट्ट्याला ठाऊक होती. मी तेव्हा काय केले? मी त्याला आणखी घट्ट धरले. माझे तेवढेच काम होते. जाहिरातीतल्या सगळ्या गुणांत बोलणे हा एक गुण नव्हता.

पण बोलता येत असून न बोलणाऱ्या माणसाचे काय म्हणावे? ज्याने तीन मजले काच चढवली, जो वाऱ्यात गच्चीच्या कठड्यावर उभा राहून चौकटी ठोकत असे, त्या माणसाला बायकोजवळ सहा शब्द बोलायचे धैर्य नव्हते. लाज म्हणे. ती लाज मला माझ्या खोक्यावरच्या चित्राइतकीच खोटी वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सरकारी रुग्णालयात खिडकीचे माप घ्यायला जायचे होते. व्यायामाने उपचार करतात त्या विभागातले तावदान बरेच दिवस फुटलेले होते. लांबलचक खोली, भिंतीला लाकडी शिड्या, जमिनीवर निळ्या सतरंज्या, आणि एका कोपऱ्यात आरशासमोर एक म्हातारा पाय उचलायला शिकत होता. त्या खोलीची प्रमुख एक ठेंगणी बाई होती. तिला सगळे मॅडम म्हणत. ती म्हाताऱ्याकडे पाहत होती, पण दारातून काचवाला आत आला तशी ती त्याच्याकडे पाहू लागली. तोंडाकडे नाही, पायांकडे.

"पाय आपटतोय तुमचा," ती म्हणाली.

"बूट जुना झालाय."

"बूट दोन्ही जुने दिसतायत. आपटतोय एकच."

तो खिडकीकडे वळला. मोजपट्टी ओढून खिडकीला लावू लागला. ती जवळ आली. "पट्टा कशाला बांधलाय?"

"कंबर दुखत होती. आता बरी आहे. काहीच दुखत नाही."

"काहीच नाही?" तिने हे असे विचारले की मला पहिल्यांदा कुणाविषयी तरी आदर वाटला. बाकी सगळे 'काहीच दुखत नाही' ऐकून टाळ्या वाजवत होते. ही एकटी बाई ते ऐकून घाबरली होती. "बसल्यावर खुर्ची कळते का तुम्हाला?"

मोजपट्टी त्याच्या हातून सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत गेली.

"कळते का?"

"नाही," तो म्हणाला.

"लघवी कधी झाली?"

"मॅडम, मी खिडकीचं माप घ्यायला आलोय."

"खिडकी सहा महिने फुटकी आहे, आणखी आठ दिवस राहील. कधी झाली?"

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा आपल्या पायात गुंतला होता. "काल दुपारी," तो हळू म्हणाला. "थोडीशी."

"आता लागल्यासारखं वाटतंय?"

"तेच तर. लागतच नाही."

तिने काही न विचारता माझी चिकटपट्टी उघडली, मला ओढून काढले आणि त्याच्या ओटीपोटावर तळवा ठेवला. क्षणभरच. मग ती दाराकडे वळून चाकांची खुर्ची मागवू लागली.

"मी चालत जातो," काचवाला म्हणाला.

"चालत आलात तेवढं पुष्कळ झालं."

पुढे सगळे भराभर घडले. मोठ्या यंत्रात घालून त्याच्या पाठीची आतली चित्रे काढली. दोन मणक्यांमधली गादी फुटून मागे आली होती आणि खाली जाणाऱ्या नसांचा सगळा जुडगाच तिने दाबून धरला होता. त्याच नसा पायांना चालवतात आणि लघवी-शौचाची खबर देतात. हे क्वचित घडते, पण घडले की दिवस मोजत बसायचे नसते, तास मोजायचे असतात. बायको शाळेच्या कपाटाची किल्ली हातात तशीच घेऊन धावत आली. त्याला शस्त्रक्रियेसाठी नेत होते.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"बायकोला सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मग कुणाला सांगायची गोष्ट आहे?"

 त्याने तिचा हात धरला. किल्ली दोघांच्या हातांमध्ये राहिली आणि चाकांची खाट निघाली तेव्हा ती खाली पडली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही घेताना बायकोला स्पष्ट सांगितले. "वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही. फार उशीर झाला असंही आजच म्हणत नाही. नसा सुटल्या की किती परत येतं ते बघायचं."

मी बायकोच्या मांडीवर पिशवीत होतो. ताई आल्या, धापा टाकत बाकड्यावर बसल्या आणि पिशवीत डोकावून म्हणाल्या, "पट्टा जवळ ठेवलास ते बरं केलंस. ऑपरेशननंतर लागेल."

बायकोने पिशवीचे तोंड आवळून बंद केले. मग म्हणाली, "ताई, तुम्ही पट्टा आणलात. चटई आणलीत. त्या माणसाकडे नेलंत. मी गरम पिशवी धरली, गोळ्या मोजून दिल्या. आपण दोघींनी मिळून त्यांना एकदा तरी विचारलं का, काय होतंय ते नीट सांगा म्हणून?"

"मी त्याचं वाईट चिंतलं का गं?"

"नाही. म्हणून तर आणखी राग येतो. वाईट चिंतलं असतंत तर भांडता तरी आलं असतं."

ताईंचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या बाई, पण तेव्हा बाकड्याच्या टोकाला सरकून बसल्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारख्या. माझा त्यांच्यावरचा राग तेव्हाही गेला नाही. प्रेमाने दिलेला चुकीचा सल्ला हा चुकीचाच सल्ला असतो. फक्त तो नाकारायला जड जातो, म्हणून जास्त घातक.

शस्त्रक्रिया नीट झाली. पायांतली तार गेली. पण लघवीसाठी नळी लावलेली होती आणि ती काढली की काय होईल हे कुणी सांगू शकत नव्हते. दोनदा काढून पाहिली, दोनदा परत घालावी लागली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा काचवाला भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायको त्याच्या पाठीमागे बसून त्याला शाळेतल्या गमती सांगत होती आणि तो एकही ऐकत नव्हता. मी खाटेशेजारच्या कपाटात होतो. तिथून मला त्याचे केस दिसत. मागच्या बाजूला ते पांढरे झाले आहेत हे मला आधी कधी दिसले नव्हते, कारण मी नेहमी कमरेशी असायचो.

बाराव्या दिवशी सकाळी पुन्हा नळी काढली. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला तो काठी टेकत न्हाणीघरात गेला. नळ सोडला नाही. बायको दाराबाहेर उभी होती, शेजारच्या खाटांवरचे लोकही कान देऊन होते, कारण आता त्या खोलीत सगळ्यांना सगळे ठाऊक होते. मग आतून त्याचा आवाज आला.

"झाली."

बायकोने दारालाच डोके टेकले. समोरच्या खाटेवरचा एक रिक्षावाला म्हणाला, "अभिनंदन, साहेब," आणि ते तो चेष्टेने म्हणाला नव्हता.

मित्रांनो, एवढे सगळे परत येतेच असे नाही. त्याचेही आले नाही. डाव्या पायाची बोटे आजही नीट उचलली जात नाहीत, बुटात एक कडक आधार घालावा लागतो. हाडे बसवणाऱ्यामुळेच गादी फुटली का, हे डॉक्टरीणबाईंना खात्रीने सांगता आले नाही. बायको मात्र एकदा त्या सायकल दुकानामागच्या खोलीत जाऊन आली. मी तिच्या पिशवीत होतो. घडले ते तिने त्याला सांगितले. तो म्हणाला, "माझ्याकडून गेले तेव्हा पायांनी चालत गेले." बाहेरच्या बाकड्यावर पाच माणसे कंबर धरून बसलेली होती. तिने त्यांनाही सांगितले. एक उठून तिच्याबरोबर बाहेर आला. चार बसून राहिले. त्या चौघांविषयी मी काय बोलावे?

सहा आठवड्यांनी काचवाला मॅडमच्या खोलीत व्यायाम शिकायला गेला. पहिल्याच दिवशी त्याने मला पुढे केले. "हा बांधू का?"

"कशाला? पोटापाठीचे स्नायू आत्ताच पेन्शनीवर पाठवायचेत का?" मॅडम म्हणाल्या. "चार दिवस आधाराला ठीक असतो तो. वर्षभर बांधला तर अंगाला वाटतं, काम करणारा दुसरा कुणी आहे."

माझ्याविषयी इतके खरे कुणी कधी बोलले नव्हते. अपमान झाला, पण नेमका झाला.

तो रोज चालू लागला. गुडघे वाकवून वस्तू उचलायला शिकला. काचेचे दुसरे टोक धरायला त्याने माणूस ठेवला आणि पाटीवरचे नाव मात्र तेच राहू दिले. लोक थट्टा करत, तोही करू लागला. खोलीतले ते तावदान त्याने स्टुलावर बसून स्वतः बसवले. मॅडमनी ते पुसून घेतले आणि म्हणाल्या, "डावा पाय आपटत नाही आता फारसा." कौतुक करायची त्यांची तीच पद्धत होती.

आणि मग एका रविवारी शेजारचे ड्रॉइंग मास्तर भिंत धरत दारात आले. "कंबर धरली हो," ते म्हणाले. "तुमच्याकडे तो पट्टा आहे ना?"

मी कपाटात जुन्या कोटांच्या खाली होतो. मनात म्हटले, चला, आणखी एक कंबर, आणखी थोडे फुकटचे श्रेय. पण काचवाल्याने कपाट उघडले नाही. त्याने मास्तरांना उभ्यानेच चहा दिला आणि विचारले, "पायात उतरतं का?"

"नाही. इथंच, मागं."

"बसल्यावर खुर्ची कळते?"

"म्हणजे काय? खुर्ची ती खुर्ची."

"लघवी साफ होते?"

मास्तरांनी कप बशीवर ठेवला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले, तिथे बायको भाजी चिरत होती. "अहो, हे काय विचारणं झालं?"

"हेच विचारणं झालं," काचवाला म्हणाला. "ताप? वजन उतरलंय? कुठं पडला होतात?"

"नाही हो. काल बागेत कुंडी सरकवली."

"मग घाबरू नका. अंथरुणात पडून राहू नका, झेपेल तेवढं घरात फिरा. उद्या रुग्णालयात दाखवून या, मी बरोबर येतो. मघाशी विचारलं त्यातलं काही झालं तर उद्याची वाट बघायची नाही, माझं दार वाजवायचं, कितीही वाजलेले असोत."

"आणि पट्टा?"

"पट्टा देणार नाही."

मास्तर जरा रागावून गेले. आठ दिवसांत त्यांची कंबर मोकळी झाली आणि ते सगळ्यांना सांगत सुटले की गुण चहाचा. असो, लोक बदलत नाहीत.

त्याच आठवड्यात काचवाल्याने मला कपाटातून काढले आणि कात्रीने माझे चार तुकडे केले. कडक पट्ट्या काढून टाकल्या. ते मऊ तुकडे त्याने आपल्या गाडीतल्या लाकडी चौकटीला खिळ्यांनी ठोकले, काचा जिथे टेकतात तिथे. खड्ड्यातून गाडी गेली की काचा माझ्यावर अंग टाकतात आणि तडकत नाहीत. आता मी खरोखर कामाला आलो आहे, आणि काच एक तर शाबूत असते किंवा फुटलेली असते. तिची खोटी समजूत कुणालाच घालता येत नाही.

माझी विनंती माझ्यासाठी नाही. मला धुऊ नका, जपून ठेवू नका. तुमच्या घरात कुणी पाठीवर हात ठेवून बसले, तर पट्टा शोधायला पळू नका. आधी समोर बसा आणि विचारा. न्हाणीघराच्या दारातून विचारावे लागले तरी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.